मित्रांसोबत मेक्सिकोत हिवाळा घालवावा, मोटरहोम मात्र इतक्यात घेऊ नये

डेट्रॉइटजवळ राहणाऱ्या एका वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे वय ६७ आहे आणि त्यांच्या पत्नीचे ६२. दोघेही निवृत्त आहेत. त्यांच्या महाराष्ट्र मंडळातील तीन जोडपी गेली काही वर्षे जानेवारी ते मार्च आपापली मोटरहोम (राहण्याची सोय असलेली मोठी गाडी) घेऊन मेक्सिकोच्या सोनोरा राज्यातील पुएर्तो पेन्यास्को या समुद्रकाठच्या गावी मुक्काम करतात आणि आता या दोघांनीही यावे असा त्यांचा आग्रह आहे. त्यासाठी ७८,००० डॉलरची वापरलेली मोटरहोम पाहून ठेवली असून, निवृत्तिखात्यातून म्हणजे पारंपरिक आयआरएमधून १,००,००० डॉलर एकदम काढावेत, दोन वर्षांत विभागून काढावेत की कर्ज घ्यावे, असे त्यांनी विचारले आहे. खात्यात ८,००,००० डॉलर आहेत. सोशल सिक्युरिटीचे (सरकारी निवृत्तिवेतनाचे) वर्षाला ३२,४०० डॉलर येतात आणि खात्यातून दरवर्षी ३०,००० डॉलर काढले जातात. पत्नीचा आरोग्य विमा शासकीय मार्केटप्लेसवरचा असून त्यावर दरमहा ४३० डॉलरचे अनुदान मिळते.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात दोन निर्णय एकमेकांत गुंतलेले आहेत: मित्रांसोबत हिवाळा घालवायचा की नाही, हा एक आणि त्यासाठी गाडी विकत घ्यायची की नाही, हा दुसरा. पहिल्याला माझे उत्तर मनापासून होकाराचे आहे. मिशिगनच्या बर्फात तीन-तीन महिने दाराबाहेर पडता येत नाही आणि दिवसभरात बोलायला माणूस मिळत नाही, असे तुमच्या पत्नीने पत्राच्या शेवटी स्वतःच्या हाताने लिहिले आहे. ते वाक्य माझ्या दृष्टीने कोणत्याही आकड्याइतकेच महत्त्वाचे आहे. दुसऱ्या निर्णयाबाबत मात्र मी तुम्हाला थांबायला सांगणार आहे आणि त्याची कारणे थोडी सविस्तर मांडतो.

आधी कराचा विचार करू, कारण तुमचा मूळ प्रश्न तोच आहे. आज तुमचे जे उत्पन्न आहे त्यावर, २०२६ सालची प्रमाणित वजावट (खर्चाचा तपशील न देता मिळणारी ठरावीक करवजावट), वयाची पासष्टी ओलांडल्यामुळे मिळणारी जादा वजावट आणि २०२८ पर्यंत ज्येष्ठांसाठी असलेली ६,००० डॉलरची तात्पुरती वजावट धरल्यास, केंद्रीय प्राप्तिकर जवळजवळ शून्य येतो. त्याच वर्षी आणखी १,००,००० डॉलर काढले, तर सोशल सिक्युरिटीचा ८५ टक्के भागही करपात्र होतो, वरचा काही भाग २२ टक्क्यांच्या टप्प्यात जातो आणि केंद्रीय कर सुमारे १५,४०० डॉलर होतो. गाडीच्या किमतीवर मिशिगनचा ६ टक्के विक्रीकर म्हणजे ४,६८० डॉलर लागेल. म्हणजे काढलेले एक लाख गाडी आणि कर यांतच संपतात. पहिल्या प्रवासाच्या इंधनासाठी पुन्हा खात्यालाच हात लावावा लागतो.

याहून न दिसणारा फटका पत्नीच्या विम्याला बसतो. मार्केटप्लेसच्या अनुदानाची वाढीव सवलत २०२५ अखेर संपली आणि उत्पन्नाची जुनी कठोर मर्यादा परत आली. दोघांच्या कुटुंबासाठी २०२६ सालात ही मर्यादा ८४,६०० डॉलर आहे आणि ती एका डॉलरने ओलांडली तरी संपूर्ण वर्षाचे अनुदान जाते. या हिशेबात सोशल सिक्युरिटीची सगळी रक्कम धरली जाते, केवळ करपात्र भाग नव्हे. त्यामुळे तुमच्या उत्पन्नाचा आजचा आकडा ६२,४०० डॉलर आहे. शिवाय २०२६ पासून, आगाऊ मिळालेले अनुदान परत करण्यावर पूर्वी असलेली कमाल मर्यादाही काढून टाकण्यात आली आहे, त्यामुळे एक लाख काढल्यास वर्षभरात मिळालेले ५,१६० डॉलर विवरणपत्र भरताना पूर्ण परत करावे लागतील.

मोठी रक्कम दोन वर्षांत विभागून काढावी, असा सल्ला बहुतेक ठिकाणी मिळतो आणि इतर अनेकांसाठी तो योग्यही असतो. तुमच्या बाबतीत तो उलटा पडतो. दरवर्षी जादा ५०,००० डॉलर काढले तर दोन वर्षांच्या करांची बेरीज १५,२०० डॉलरच्या आसपास येते, म्हणजे वाचत काहीच नाही. पण उत्पन्न दोन्ही वर्षी मर्यादेच्या वर गेल्याने अनुदान एकदा न जाता दोनदा जाते. पत्नी मार्केटप्लेसच्या विम्यावर असेपर्यंत ही विभागणी टाळावी. त्या २०२९ मध्ये मेडिकेअरवर, म्हणजे पासष्टीनंतरच्या सरकारी आरोग्य विम्यावर जातील, पण वाढदिवसाच्या आधीचे महिने त्याच वर्षाच्या उत्पन्नावर मोजले जात असल्याने मोठी रक्कम काढायची झाल्यास ती २०३० मध्ये काढावी.

कर्जाबद्दल विक्रेत्याने तुम्हाला सांगितले की, गाडीत झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय असल्यास ती दुसरे घर मानली जाते आणि व्याजाची वजावट मिळते. हे खरे आहे, पण त्यासाठी प्रमाणित वजावट सोडून खर्चांची यादी द्यावी लागते. जोडप्यासाठी प्रमाणित वजावटच ३२,२०० डॉलर असल्याने तुम्हाला त्या सवलतीचा उपयोग नाही. ६०,००० डॉलरचे कर्ज १५ वर्षांसाठी ८ टक्क्यांनी घेतल्यास हप्ता सुमारे ५७३ डॉलर येतो आणि एकूण व्याज ४३,००० डॉलरच्या पुढे जाते. वयाच्या ८२ व्या वर्षापर्यंत, दरवर्षी किंमत उतरत जाणाऱ्या गाडीचा हप्ता भरावा, असे मी तुम्हाला सुचवू शकत नाही.

आता खुद्द मालकीचा खर्च पाहू. तुमच्या गावापासून पुएर्तो पेन्यास्को साधारण २,२०० मैल आहे. जाऊन-येऊन ४,४०० मैल आणि एका गॅलनला नऊ मैल धरल्यास नुसते इंधन सुमारे १,६०० डॉलरचे होते. मोटरहोम उभी करायच्या तळाचे मित्रांनी सांगितलेले भाडे महिन्याला ६५० डॉलर आहे. त्यात अमेरिकेतील विमा, मेक्सिकोचा वेगळा विमा, उरलेले नऊ महिने गाडी ठेवण्याची जागा, वाटेतले मुक्काम आणि टायर-दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायची रक्कम मिळवली, तर माझ्या अंदाजाने वर्षाला ९,५०० डॉलर लागतात. किंमत घटण्याचे सहा-सात हजार यात धरलेलेच नाहीत. गाडी वर्षातून तीनच महिने वापरायची असल्याने एका महिन्याचा खरा खर्च पाच हजार डॉलरच्या वर जातो. त्यातच जानेवारीत मिशिगनहून निघताना नळ्यांतले पाणी काढून त्यांत अँटिफ्रीझ (न गोठणारा द्रव) भरावे लागते आणि दक्षिणेत उबदार हवा मिळेपर्यंत गाडीतला नळ वापरता येत नाही. पहिले दोन-तीन दिवस बर्फाळ रस्त्यांवर एवढी मोठी गाडी हाकावी लागते, हे मित्रांनी सांगितले असेलच.

याउलट, पहिल्या वर्षी स्वतःची साधी मोटार घेऊन जा आणि मित्रांच्या तळापासून पायी जाता येईल अशा अंतरावर तीन महिन्यांसाठी घर भाड्याने घ्या. महिन्याला १,६०० डॉलर भाडे धरले तरी इंधन, वाटेतल्या हॉटेलच्या रात्री आणि मेक्सिकोचा वाहन विमा मिळून सारे ६,६०० डॉलरच्या आसपास बसते. एवढी रक्कम जादा काढली तरी तुमचा आकडा ६९,००० डॉलरवर राहतो. अनुदान थोडे कमी होईल, पण जाणार नाही. खात्यातून काढायच्या रकमेचे प्रमाण आज पावणेचार टक्के आहे, ते साडेचारच्या किंचित वर जाईल आणि पत्नीची सोशल सिक्युरिटी सुरू झाली की पुन्हा खाली येईल. गाडी घेतल्यास तेच प्रमाण उरलेल्या सात लाखांवर साडेपाच टक्क्यांच्या वर जाते आणि तुमच्यापुढे अजून पंचवीस वर्षांचा काळ असू शकतो, हे लक्षात घेता मला ते सुरक्षित वाटत नाही. मोटरहोमच भाड्याने न्यावी असे मनात आले असेल, तर भाड्याने देणाऱ्या बहुतेक कंपन्या मेक्सिकोत गाडी नेऊ देत नाहीत किंवा त्यासाठी खास परवानगी मागतात, हे आधी विचारून घ्या.

मालकी टाळण्याचे आणखी एक कारण तुमच्याच पत्रात आहे. तुमच्या आई साताऱ्यात असतात, त्या ८९ वर्षांच्या आहेत आणि दर दोन हिवाळ्यांतून एकदा तुम्ही त्यांच्याकडे सहा आठवडे राहता. गाडी दारात उभी असली की ‘एवढे पैसे घातले आहेत, तर यंदा जायलाच हवे’ हा विचार मनावर बसतो आणि साताऱ्याची फेरी पुढे ढकलली जाते. भाड्याचे घर मात्र ज्या वर्षी नको असेल त्या वर्षी घेतलेच नाही, तरी काही बिघडत नाही. मित्रांपैकी एका जोडप्याने निम्म्या भागीदारीत गाडी घेण्याचा प्रस्ताव ठेवला आहे, तोही मी याच कारणाने नाकारला असता. दोन कुटुंबांच्या नावावरची गाडी, एकाच हंगामात दोघांनाही हवी असणारी, आणि एकाची तब्येत बिघडल्यास दुसऱ्याने त्याचा वाटा किती रकमेला घ्यायचा हे लेखी न ठरलेले. इतक्या जुन्या मैत्रीवर हा भार टाकू नये.

जायचे ठरल्यास विम्याकडे बारकाईने पाहा. मेडिकेअर मेक्सिकोत, अगदी मोजके अपवाद सोडता, चालत नाही. तुमच्या पूरक मेडिगॅप प्लॅन जीमध्ये परदेशातील तातडीच्या उपचारांची सोय आहे, पण ती २५० डॉलर स्वतः भरल्यानंतर ८० टक्के, आयुष्यभरात मिळून ५०,००० डॉलरपर्यंत आणि प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांतच सुरू झालेल्या आजारासाठी आहे. तुमचा मुक्काम ९० दिवसांचा आहे, म्हणजे मार्च महिना पूर्ण उघडा राहतो. पत्नीचा मार्केटप्लेस विमा मेक्सिकोत सहसा काहीच देत नाही आणि सीमेलगतच्या ॲरिझोनात आल्यावरही तातडीचे उपचार सोडल्यास तो त्यांच्या मिशिगनच्या नेटवर्कपुरताच (विमा कंपनीशी करार असलेल्या डॉक्टर-रुग्णालयांपुरताच) असण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून दोघांसाठीही संपूर्ण तीन महिन्यांचा प्रवासी आरोग्य विमा घ्या, त्यात रुग्णाला सीमेपलीकडे अमेरिकेत हलवण्याचा खर्च समाविष्ट असल्याची खात्री करा आणि तुमचा रक्तदाब अर्जात स्पष्ट लिहा. येथे शे-दोनशे डॉलर वाचवण्याचा विचारही करू नका.

वाहनाच्या बाबतीत अमेरिकन विमा कंपनीचे दायित्व संरक्षण (दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई) मेक्सिकोत मानले जात नाही. मेक्सिकन कंपनीची पॉलिसीच लागते आणि अपघातानंतर जबाबदारी निश्चित होईपर्यंत चालकाला अडकवून ठेवले जाऊ शकते, म्हणून कायदेशीर साहाय्य असलेली पॉलिसी घ्या. पुएर्तो पेन्यास्को सोनोराच्या मुक्त पट्ट्यात येत असल्याने गाडीसाठी तात्पुरत्या आयातीचा परवाना आणि त्याची अनामत लागत नाही. तुम्हा दोघांना मात्र पर्यटक परवाना लागेल. तो जास्तीत जास्त १८० दिवसांचा असतो, पण अधिकारी कमी दिवसही लिहू शकतो, तेव्हा खिडकीसमोरून हलण्यापूर्वी आकडा पाहून घ्या. पत्नीकडे भारतीय पासपोर्ट असला तरी ग्रीन कार्ड असल्याने मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही आणि तीन महिन्यांच्या अनुपस्थितीने नागरिकत्वाच्या अर्जासाठी लागणारी अमेरिकेतील वास्तव्याची सलगता तुटत नाही. त्याच वर्षी साताऱ्यालाही गेलात तर परदेशातील एकूण दिवसांची नोंद तेवढी ठेवा.

सोनोरासाठी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची सूचना ‘प्रवासाचा पुनर्विचार करा’ या पातळीची राहिली आहे. ॲरिझोनातील लूकविलची सीमा ओलांडून सोनोयटामार्गे गावापर्यंतचे सुमारे १०० किलोमीटर दिवसाउजेडीच पार करा आणि मित्रांच्या ताफ्यासोबत जा. ४ डिसेंबर २०२३ ते ४ जानेवारी २०२४ हा संपूर्ण महिना लूकविलचे नाके बंद होते आणि लोकांना दूरच्या नाक्यांवरून वळसा घालून यावे लागले. असे पुन्हा घडल्यास दोन-तीन रात्रींचा जादा खर्च आणि औषधांचा जादा साठा हाताशी असावा, म्हणून १,५०० डॉलर वेगळे ठेवा आणि ते मूळ खर्चात धरू नका.

घर बंद करून जाताना तुमच्या गृह विम्यातील रिकाम्या घराची आणि गोठून फुटणाऱ्या नळांची कलमे वाचा. पाण्याची मुख्य कळ बंद करणे, हीटर चालू ठेवणे आणि शेजाऱ्याने ठरावीक दिवसांनी घर पाहणे, या अटी पाळल्याचा पुरावा नसल्यास दावा नाकारला जाऊ शकतो. परदेशी व्यवहारांवर शुल्क न लावणारे एक क्रेडिट कार्डही सोबत घ्या, कारण बऱ्याच कार्डांवर हे शुल्क ३ टक्क्यांपर्यंत असते.

मोटरहोमवाल्याला दिलेली ५०० डॉलरची इसाराची रक्कम परत मिळण्याची मुदत या महिनाअखेरपर्यंत आहे, असे तुम्ही लिहिले आहे. ती आधी लेखी मागून घ्या. त्यानंतर मित्रांना विचारून तळाजवळच्या घराची चौकशी ऑक्टोबरच्या आधी सुरू करा, कारण जानेवारी ते मार्च हा तिथला गर्दीचा काळ आहे आणि पायी अंतरावरची घरे लवकर जातात. पत्नीचा २०२७ सालचा विमा १ नोव्हेंबरपासून सुरू होणाऱ्या नोंदणीत निवडताना, ॲरिझोनात उपचार घेता येतील असे नेटवर्क मिळते का ते पाहा आणि त्या वर्षाचे अपेक्षित उत्पन्न भरताना प्रवासासाठी जादा काढायची रक्कम त्यात धरायला विसरू नका.