रिटेनर बसेनासा झालाय आणि धाकट्याला एक्सपांडर सांगितलाय

तुमचे प्रश्न दोन आहेत. मोठी पंधरा वर्षांची, तारा काढून आठ महिने झाले, मधले दोन महिने रिटेनर (तारा निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवणारं साधन) घातलाच नाही आणि आता तो नीट बसत नाही. धाकटा साडेआठचा, एका बाजूच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत पडतात, डॉक्टरांनी टाळूला एक्सपांडर, म्हणजे वरचा जबडा रुंद करणारं स्क्रूचं साधन, बसवायला सांगितलाय आणि घरचे म्हणतायत, आधी दुधाचे दात तर पडू द्या. मी डॉक्टर नाही. पण स्वतः दोनदा तारा लावून घेतल्यात आणि दोन्ही मुलांच्याही करून झाल्यात, त्यामुळे त्या खुर्चीत बसण्याचा आणि खुर्चीशेजारी ताटकळत उभं राहण्याचा, दोन्ही अनुभव पदरी आहेत.

मोठीचं आधी बघू, कारण तिथे एकेक दिवस महत्त्वाचा आहे.

बसत नाही म्हणजे नेमकं काय होतंय? घट्ट लागतोय, ठणकतोय, पण बोटांनी दाबल्यावर पूर्ण बसतोय, असं असेल तर आजपासूनच घालायला लावा. खाणं आणि ब्रश सोडून दिवसरात्र. आणि ज्यांनी तारा लावल्या त्यांना फोन करून सांगून ठेवा. बहुतेक वेळा काही दिवसांत घट्टपणा उतरतो. पण रिटेनर मागे दाढांवर टेकतोय आणि पुढे अधांतरी राहतोय, कडेला फट दिसतेय, असं असेल तर जोर करू नका. मुलं तो दातांखाली चावून बसवायला बघतात. त्यात पारदर्शक असेल तर चीर जाते, तारेचा असेल तर तार वाकते आणि वाकडी तार भलत्याच दाताला ढकलत बसते. गरम पाण्यात घालून मऊ करायचा उद्योगही नको, प्लास्टिक आकसून कायमचं बिघडतं. पुढच्या आठवड्याची नाही, याच आठवड्याची वेळ मागा आणि एक गोष्ट आवर्जून विचारा: तारा काढल्या त्या दिवशीचा स्कॅन किंवा साचा जपून ठेवलाय का? दात थोडेच सरकले असतील तर त्यावरून केलेला नवा रिटेनरच त्यांना हळूहळू जागेवर आणू शकतो. जास्त सरकले असतील तर काही महिन्यांचे अलाइनर (दात सरकवणारे पारदर्शक साचे) किंवा पुढच्या चार-सहा दातांना थोडे दिवस तार. दोन महिन्यांच्या खंडाने सगळं पाण्यात गेलंय असं सहसा होत नाही, तेव्हा तिला त्यावरून फार बोलू नका.

दात मागे का फिरतात हे तिला एकदा समजावून सांगितलं तर तुमच्या दहा सूचना वाचतील. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मुळाभोवती एक पातळ पडदा असतो, साधारण 0.2 मिलिमीटर जाडीचा, त्यात दात टांगलेला असतो म्हणा ना. तारेने एका बाजूला दाब पडला की त्या बाजूचं हाड विरघळतं, दुसऱ्या बाजूला नवं तयार होतं आणि दात महिन्याला सुमारे एक मिलिमीटर सरकतो. तारा काढल्या की मुळाभोवतालचा पडदा तीन-चार महिन्यांत स्थिरावतो. हिरडीतले तंतू मात्र हट्टी. ते एका दाताच्या मानेपासून शेजारच्या दाताच्या मानेपर्यंत गेलेले असतात, दात फिरवला तर तेही पिळले जातात आणि नव्या जागेची सवय व्हायला त्यांना वर्षभर लागू शकतं. तोवर ते दाताला जुन्या जागेकडे ओढत राहतात. तुमच्या मुलीचे आठ महिने म्हणजे ती अजून त्याच वर्षात आहे. जो दात आधी सगळ्यात जास्त वळलेला होता तोच बहुधा पहिला हलला असेल, आरशात बघायला सांगा.

ते वर्ष संपल्यावर मोकळीक मिळते का? मलाही तसंच वाटलं होतं. माझ्या तारा पंधराव्या वर्षी निघाल्या, टाळूवर बसणारी गुलाबी प्लेट मी वर्षभर इमानेइतबारे घातली आणि मग ती कपाटात गेली. अठ्ठाविसाव्या वर्षी खालचे पटाशीचे दात एकमेकांवर चढले होते. मी दोष दिला अक्कलदाढेला. सगळेच देतात. पण अक्कलदाढ पुढच्या दातांना ढकलत आणते याला अभ्यासांत आधार मिळालेला नाही. ज्यांची अक्कलदाढ काढली त्यांचेही दात दाटतात आणि ज्यांना ती मुळातच आली नाही त्यांचेही. खरं कारण म्हणजे वय. खालच्या जबड्यातली दातांची कमान वर्षानुवर्षं किंचित आखडत जाते, तारा लावलेल्यांची आणि आयुष्यात कधीच न लावलेल्यांचीही. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपदाढा काढून सरळ केलेल्या दातांचा रिटेनर थांबल्यानंतर दहा वर्षांनी हिशेब मांडला. खालचे पुढचे दात समाधानकारक राहिलेले तीस टक्क्यांहूनही कमी निघाले. तो अभ्यास 1981 चा. म्हणजे दात परत फिरतात ही माहिती नवी नाही, ती तारा काढताना तितक्याच ठामपणे सांगितली जात नाही एवढंच.

म्हणून आता बहुतेक डॉक्टर सांगतात ते असं: सुरुवातीचे काही महिने जास्तीत जास्त वेळ, मग फक्त रात्री, आणि रात्रीचं कधीपर्यंत, तर दात सरळ हवेत तोपर्यंत. पंधरा वर्षांच्या मुलीला 'आयुष्यभर' असं सांगू नका, तो शब्द ऐकूनच ती डबी भिरकावेल. रात्री ब्रश केला की रिटेनर, इतकंच.

रिटेनर कुठला, यावर माझं मत जरा एकतर्फी आहे. मला पारदर्शक आवडतो कारण तो खोटं बोलत नाही. एखादा दात जरा हलला की त्या रात्री तो तिथेच घट्ट लागतो. ('घातलास का?' हा प्रश्न मी मुलांना विचारणं केव्हाच सोडलं. 'आज घट्ट लागला का?' एवढंच विचारते. त्याचं उत्तर बनवून सांगायला जास्त डोकं लागतं.) तारेची आणि अ‍ॅक्रिलिकची प्लेट, जिला चार्ल्स हॉली यांच्या नावावरून हॉली म्हणतात, जास्त टिकते आणि थोडीफार दुरुस्तही करता येते, पण सुरुवातीला बोलताना जीभ अडखळते. तिसरा प्रकार दातांच्या मागून चिकटवलेली बारीक तार, बहुधा खाली सुळ्यापासून सुळ्यापर्यंत. विसराळू मुलांसाठी वरदान, पण तिच्या भरवशावर झोपू नका. दुसऱ्यांदा तारा काढल्यावर मला तीच बसवली होती. एका दातावरचा चिकटवलेला ठिपका कधी सुटला ते कळलंच नाही, कारण बाकीची तार जागेवरच होती. चार महिन्यांत तो एकटा दात वळला. आता आठवड्यातून एकदा जिभेने आणि नखाने एकेक ठिपका चाचपते. शिवाय तिच्याभोवती कीटण लवकर साठतं, तिथे धागा किंवा दातांमधला छोटा ब्रश रोज फिरवावाच लागतो.

निगा राखायचं थोडक्यात सांगते. कोमट किंवा गार पाणी, मऊ ब्रश, साधा सौम्य साबण. टूथपेस्टने पारदर्शक प्लास्टिकवर चरे पडतात. रिटेनर तोंडात असताना पाण्याशिवाय काही पिऊ नये, गोड पेय आत शिरलं तर दाताला चिकटूनच राहतं. आणि रिटेनर एक तर तोंडात नाही तर डबीत. कागदी रुमालात गुंडाळलेला कचऱ्यात जातो आणि उशाशी ठेवलेला घरात कुत्रा असेल तर त्याच्या तोंडात. आमच्याकडे दोन्ही झालंय.

आता धाकट्याकडे येऊ. 'दुधाचे दात पडू द्या' हा सल्ला अनेक मुलांसाठी बरोबरच असतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचे वरचे पुढचे दात फाकलेले असणं, मध्ये फट असणं हे त्या वयाचंच रूप आहे. अकरा-बाराव्या वर्षी वरचे सुळे उतरले की ती फट बहुतेकदा आपोआप मिटते. थोडी दाटीवाटी असेल तर तिच्यासाठीही थांबता येतं. खालचा जबडा मागे असेल आणि वरचे दात पुढे आलेले असतील, तर झपाट्याने उंची वाढण्याच्या काळात उपचार करणं सहसा फायद्याचं असतं. खूप लवकर सुरू करून दोन टप्प्यांत केलं तरी शेवटचा निकाल साधारण तोच लागतो. फरक पडतो तो मुख्यतः एका बाबतीत, फार पुढे आलेले दात पडून-आपटून तुटण्याचा धोका कमी होतो.

पण तुम्ही जे वर्णन केलंय, वरच्या दाढा आत पडण्याचं, ते थांबायच्या यादीतलं नाही. एक गोष्ट घरीच बघा. त्याला तोंड मोठ्ठं उघडून अगदी सावकाश मिटायला सांगा आणि हनुवटीकडे लक्ष ठेवा. दात टेकता टेकता हनुवटी एका बाजूला सरकते का? सरकत असेल तर वरचा जबडा अरुंद असल्यामुळे खालचा जबडा जागा शोधत बाजूला जातोय, आणि वाढत्या वयात रोज असंच झालं तर चेहऱ्याची वाढही तिरकी व्हायची भीती असते. हे आपोआप सुटणं विरळा. दुसरं म्हणजे वरच्या जबड्याचे उजवा आणि डावा भाग मधोमध एका शिवणीने जोडलेले असतात. साडेआठच्या वयात ती शिवण सहज उसवते. विशीकडे जाता जाता ती इतकी पक्की होते की मग हाडात स्क्रू रोवून किंवा शस्त्रक्रिया करून रुंदी आणावी लागू शकते. अमेरिकेतली ऑर्थोडॉन्टिस्टांची, म्हणजे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांची, संघटना पहिली तपासणी सातव्या वर्षापर्यंत करा म्हणते ती अशाच गोष्टी वेळेत दिसाव्यात म्हणून, सातव्या वर्षी सगळ्यांना तारा लावा म्हणून नव्हे. डॉक्टरांना एवढं मात्र स्पष्ट विचारा की पुढे कायमचे दात आल्यावर तारा लागतीलच का. बऱ्याचदा लागतात. एक्सपांडर लावला म्हणजे तारा चुकल्या असं कुणी सांगत असेल तर जरा सावध.

एक्सपांडर बसल्यावर पहिला आठवडा लाळ गळते, बोलणं बोबडं होतं, मोठ्याने वाचायला लावलं की लवकर सुधारतं. मधल्या स्क्रूला तुम्ही घरी किल्ली लावायची, एका वेळी पाव फेरा, म्हणजे साधारण पाव मिलिमीटर. दिवसातून किती वेळा ते डॉक्टर सांगतील. नाकाच्या मुळाशी दाब जाणवतो, तो थोड्या वेळात जातो. मग एक दिवस वरच्या दोन पुढच्या दातांमध्ये भलीमोठी फट दिसेल आणि तुम्ही घाबरून फोन कराल. मी केला होता. ती फट म्हणजे शिवण उघडल्याची खूण. स्क्रू फिरवणं थांबलं की ती हळूहळू स्वतःच मिटत जाते. कोण मिटवतं? हिरडीतले तेच हट्टी तंतू, जे तुमच्या मुलीचे दात मागे ओढतायत. तिच्या रिटेनरचं सगळं भांडण ज्यांच्याशी आहे ते याच्यासाठी फुकटात काम करतात.

फट मिटली म्हणून एक्सपांडर लगेच निघत नाही. उसवलेल्या शिवणीत नवं हाड भरायला तीन ते सहा महिने तो तसाच ठेवतात. 'आता फिरवायचं तर संपलं, मग काढत का नाही' असं घरचे म्हणतील. तो त्या काळात रिटेनरचंच काम करत असतो.

शेवटी दोन घरगुती गोष्टी. फिरवल्याची तारीख भिंतीवर कागद लावून लिहा, कारण आमच्याकडे एका संध्याकाळी मी फिरवला आणि तासाभराने मुलाच्या बाबांनीही फिरवला. आणि किल्लीला दोरा बांधलेला नसेल तर पहिल्याच रात्री बांधा, त्याचं दुसरं टोक मनगटाला गुंडाळा. मुलगा उताणा, तोंड उघडं, आणि किल्ली निसटली तर सरळ घशात जाते.