शंका-समाधान : इंग्रजीतली नामं आणि मोजणीचा घोळ

प्रश्न : मुलगा आठवीत, मराठी माध्यमात आहे. प्रॉपर, कॉमन, कलेक्टिव्ह, मटेरिअल, अ‍ॅबस्ट्रॅक्ट हे पाचही प्रकार त्याला व्याख्येसकट तोंडपाठ आहेत. तरी निबंधात 'आय सॉ बोट', 'थ्री कोकोनट', 'मेनी फर्निचर्स' असं लिहून येतो. काय करावं?
– एक पालक, गुहागर

उत्तर : त्या पाच प्रकारांवरून नाम कसलं आहे ते कळतं. वाक्य लिहिताना मात्र आधी विचारायचं ते हे की, नाम मोजता येतं का? काउंटेबल की अनकाउंटेबल, एवढं पक्कं झालं की तुम्ही दिलेल्या तिन्ही चुका सुटतात.

'मला होडी दिसली' हे मराठीत पूर्ण वाक्य आहे. इंग्रजीत मात्र मोजता येणारं सामान्यनाम एकवचनात सहसा एकटं येत नाही. त्याच्याआधी 'अ', 'द', 'माय', 'धिस' असं काहीतरी लागतंच. म्हणून 'आय सॉ अ बोट'.

'थ्री कोकोनट'चं मूळ आपल्या बोलण्यात आहे. आंब्याचे आंबे होतात, पण एक नारळ, तीन नारळ. एक फणस, दोन फणस. मूल तीच सवय इंग्रजीत नेतं आणि 'कोकोनट्स'मधला 'एस' गळतो.

सर्वात जास्त घोळ 'फर्निचर'च्या गटात होतो, कारण इथे दोन भाषांची मोजणी जुळत नाही. बातमीच्या बातम्या होतात, सल्ल्याचे सल्ले होतात, केस पांढरे होतात. इंग्रजीत न्यूज, अ‍ॅडव्हाइस, इन्फर्मेशन, लगेज, फर्निचर ही सगळी अनकाउंटेबल. डोक्यावरचे केसही एकवचनी. म्हणून 'द न्यूज इज गुड' (शेवटचा 'एस' फसवा आहे) आणि 'हर हेअर इज ग्रे'. कात्रीचं उलटं : आपली एक, तरी 'द सिझर्स आर शार्प'. अनकाउंटेबल नाम मोजायचंच झालं तर आधी माप लावावं : 'अ पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस', 'टू बॅग्ज ऑफ राइस'. 'मेनी'च्या जागी 'मच' आणि 'फ्यू'च्या जागी 'लिटल' येतं.

सरावासाठी वहीत नुसतं 'राइस' न लिहिता 'सम राइस', नुसतं 'बोट' न लिहिता 'अ बोट, बोट्स' असं लिहायला लावा. विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी-इंग्रजी शब्दकोशांत बहुधा नामापुढे 'सी' (काउंटेबल) किंवा 'यू' (अनकाउंटेबल) अशी खूण असते. शंका आली की तीच पाहावी.

प्रश्न : 'फिश'आधी कधी 'अ' असतो, कधी नसतो. नियम काय?
– नववीतली विद्यार्थिनी, मालवण

उत्तर : काही नामं दोन्ही बाजूंना असतात. जाळ्यात सापडलेला एक मासा म्हणजे 'अ फिश'. दोन असले तरी बहुधा 'टू फिश'च. 'फिशेस' हे रूप मुख्यतः माशांच्या वेगवेगळ्या जातींबद्दल लिहिताना येतं. ताटात आला की तो खाद्यपदार्थ : 'वी हॅड फिश फॉर लंच'. इथे 'अ' लावलास तर अख्खा एक मासा खाल्ला असा अर्थ होईल. आंब्याचंही तसंच. पेटीतला एक आंबा 'अ मँगो', पण 'देअर इज टू मच मँगो इन धिस मिल्कशेक'.

प्रश्न : विशेषनामाला 'द' लागत नाही, मग 'द अरेबियन सी' कसं?
– एक वाचक, दापोली

उत्तर : गाव, माणूस, किनारा यांना लागत नाही : 'दापोली', 'तारकर्ली बीच'. समुद्र आणि नद्यांच्या नावांना लागतो : 'द अरेबियन सी', 'द वशिष्ठी'. वाक्याच्या मध्ये हा 'द' लहान लिपीत, नावाचं पहिलं अक्षर मात्र कॅपिटल.