मुलगा नववीत आहे, पुण्याहून सिएटलला जातोय. तिथे हुशार मुलांना पुढचे विषय लवकर घेता येतात का? क्लास लावावे लागतील?

घेता येतात. क्लासचं आत्ता डोक्यातून काढून टाका.

सिएटल ज्या वॉशिंग्टन राज्यात आहे, तिथेच आम्ही राहतो (राजधानीचं वॉशिंग्टन वेगळं, हे नातेवाइकांना अजून समजावतोय). मुलगी नुकतीच हायस्कूलमधून बाहेर पडली.

इथे हायस्कूल पूर्ण करायला साधारण 24 क्रेडिट्स लागतात (वर्षभराचा एक विषय पूर्ण केला की साधारण एक क्रेडिट). पूर्वी एक क्रेडिट म्हणजे 150 तास शिकवणी असा हिशेब होता, तो राज्याने 2011 मध्ये काढला. विषय येतो हे दाखवलं तरी क्रेडिट देण्याची मुभा शाळांना आहे. आपल्याला याचा खरा फायदा भाषेत. दुसऱ्या भाषेची दोन क्रेडिट्स लागतात, ती परीक्षा देऊन मिळवता येतात, आणि मराठी चालते! आमच्या काउन्सेलरबाईंना मराठी म्हणजे हिंदीचीच बोली वाटत होती, त्यामुळे विचारणा आम्हालाच करावी लागली. मुलगी बोलते छान, पण संगणकावर देवनागरी टाइप करायची म्हटल्यावर ‘विद्यार्थी’ या एका शब्दाने तिला घाम फोडला. मग पंधरा दिवस आजीला व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त देवनागरीत लिहायचं, असा नियम केला. आजी खूश, आणि लेकीला चार क्रेडिट्स. स्पॅनिशचा तास वाचला, तिथे तिने स्टॅटिस्टिक्स घेतलं.

अकरावी-बारावीत ‘रनिंग स्टार्ट’ या राज्याच्या योजनेतून कम्युनिटी कॉलेजात (इथल्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) जाता येतं. ट्यूशन माफ; पुस्तकं, किरकोळ फी, गाडीखर्च मात्र आपला. कॉलेजचा पाच क्रेडिट्सचा कोर्स एका क्वार्टरमध्ये (साधारण तीन महिन्यांच्या सत्रात) संपतो आणि शाळेत पूर्ण वर्षाचं एक क्रेडिट धरतात. वेग मात्र जबरदस्त असतो, आणि तिथली ग्रेड कॉलेजच्या रेकॉर्डवर कायमची राहते. केमिस्ट्रीत आम्ही हे भोगलंय.

एपीच्या (शाळेतच घेतल्या जाणाऱ्या कॉलेज-पातळीच्या कोर्सच्या) परीक्षेत पाचपैकी तीन मिळाले तरी राज्यातली सरकारी कॉलेजं क्रेडिट देतात. खासगी कॉलेजांचे नियम ज्याचे त्याचे.

2019 च्या कायद्यामुळे राज्याच्या परीक्षेत पात्र ठरलेल्या मुलांना शाळा आपोआप वरच्या कोर्सला घालते. तुमच्या मुलाने ती परीक्षा दिलेली नसणार, म्हणून यादीत नाव येईल असं धरून चालू नका. ईमेल करून मागणी करा.

आणि हो, इथे हायस्कूल नववीपासूनच सुरू होतं. निघण्याआधी शाळेकडून नववीची गुणपत्रिका आणि गणित-विज्ञानाचा अभ्यासक्रम इंग्रजीत, सही-शिक्क्यासह घेऊन ठेवा. इथून मागवायला आम्हाला तीन महिने लागले होते.