गंज खरवडण्याआधी सीटखाली बघा

मागच्या अंकात माझ्या छोट्या पिवळ्या ट्रॅक्टरचा फोटो छापून आला आणि पत्रांचा गठ्ठाच आला. त्यातली पाच पत्रं निवडून उत्तरं देते आहे. बाकीच्यांचे प्रश्न बहुतेक यातच बसतात.

बऱ्याच जणांनी विचारलं की बागेतला ट्रॅक्टर म्हणजे नक्की काय. शेतातल्या ट्रॅक्टरचंच हे धाकटं भावंड. सात-आठ हॉर्सपॉवर, एकाच माणसाने बसून चालवायचा, गवत कापायचं, माती ओढायची, छोटा नांगर लावायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत उपनगरं पसरली, घरामागे मोठाली अंगणं आली, त्यांच्यासाठी ही यंत्रं निघाली. माझा आहे ‘कब कॅडेट’. इंटरनॅशनल हार्वेस्टरने ही जात १९६१ साली केंटकी राज्यातल्या लुईव्हिलच्या कारखान्यातून बाजारात आणली. मढच्या एका बंगल्याच्या मागे तो कित्येक वर्षं पावसात उभा होता आणि मी तो भंगाराच्या भावाने, वजनावर उचलला. याच इंटरनॅशनल हार्वेस्टरशी महिंद्राने १९६३ साली भागीदारी केली आणि त्यातून आपल्या कांदिवलीत बी-२७५ ट्रॅक्टर तयार होऊ लागले. त्यामुळे समोरच्या जाळीवर हार्वेस्टरचा जुना बिल्ला दिसला तेव्हा मला यंत्र परदेशी वाटलंच नाही.

माझ्याबद्दल एवढंच सांगते, की मी आयटीआयमधून पेंटरचा ट्रेड केला आणि लालबागला वडिलांच्या गॅरेजमध्ये बावीस वर्षं काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्स्या रंगवल्या. जे सांगते ते हाताने केलेलं आहे.

ताई, आमच्या वसईच्या वाडीत शेडखाली असाच एक छोटा ट्रॅक्टर निघाला आहे. इंजिन जाम आहे. गॅरेजवाला म्हणतो, पिस्टनवर लाकूड ठेवून हातोड्याने ठोकतो, सुटेल. ठोकू देऊ का? आणि रंगाचं काय करू? – एक वाडीवाले, वसई

काका, अजिबात ठोकू देऊ नका. जाम इंजिनात बहुतेक वेळा पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत गंजाने एकमेकींना धरून बसलेल्या असतात. वरून घाव घातलात की ॲल्युमिनियमचा पिस्टन फुटतो, नाहीतर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि गंजाचं काम होतं ते लेथचं होऊन बसतं.

पहिल्यांदा पंख्यावरच्या पत्र्याच्या आवरणावर पट्टी शोधा. त्या काळच्या पुष्कळ अमेरिकन ट्रॅक्टरांवर कोहलर कंपनीची के मालिकेतली एक सिलिंडरची इंजिनं असत आणि मॉडेलचा, सिरियलचा नंबर तिथेच लिहिलेला असतो. पट्टीवर रंग चढला असेल तर थिनरचं फडकं हलक्या हाताने फिरवा, खरवडू नका. हा नंबर मिळाला तरच बरोबर गॅस्केट आणि रिंगा मागवता येतात.

मग स्पार्क प्लग काढा. त्या भोकातून डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं-निम्मं ओता, भोकावर फडकं कोंबा आणि आठवडाभर त्याकडे बघूही नका. तेल खाली उतरलं की पुन्हा ओता. आठवड्याने फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, हाताने, पुढे-मागे, अगदी केसभर हलवून बघा. हललं, तर अर्धी लढाई जिंकलात. नाहीच हललं तर हेड उघडा. ही साइड व्हॉल्व्ह इंजिनं आहेत, म्हणजे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून खाली ब्लॉकमध्ये असतात. हेड म्हणजे नुसतं झाकण, बोल्ट काढले की हातात येतं. कधी कधी पिस्टन मोकळाच असतो आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह अडकलेला सापडतो.

बोल्ट काढताना एक जपा. अमेरिकन यंत्राचे आटे इंचातले असतात. आपल्याकडचा तेराचा पाना अर्ध्या इंची डोक्यावर बसतो खरा, पण किंचित ढिला बसतो, आणि गंजलेल्या बोल्टच्या कडा तेवढ्याने गोल होतात. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला इंची पान्यांचा सेट मिळतो, तो आधी घ्या. तुटलेल्या बोल्टच्या जागी मिलिमीटरचा बोल्ट जबरदस्तीने फिरवू नका, ब्लॉकचे आटे जातील.

इंजिन सुटलं म्हणून लगेच स्टार्ट करायची घाई करू नका. पंख्याचं आवरण उघडून आत बघा. माझ्या ट्रॅक्टरात उंदराचं सुकलेलं घरटं होतं आणि कार्बोरेटरच्या तोंडाशी कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं. ही इंजिनं हवेने थंड होतात. सिलिंडरभोवतीच्या धातूच्या पात्यांमधल्या फटी बुजलेल्या राहिल्या तर दहा मिनिटांत इंजिन तापून पुन्हा धरेल. पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणारे दोन संपर्क, घासून स्वच्छ करा आणि अर्ध्या मिलिमीटरची फट ठेवा. पेट्रोलची टाकी रिकामी करून धुवा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं आणि जुन्या रबराच्या नळ्या खराब करतं. नळ्या नव्याच घाला आणि पावसाळ्यात यंत्र उभं राहणार असेल तर टाकी कोरडी ठेवा.

तुम्ही पत्रात शेवटी रंगाचं विचारलंय. त्याचं उत्तर खाली चेंबूरच्या पत्रात आहे. तोवर पत्र्याला हात लावू नका, ही विनंती.

जुलैमध्ये गॅलरीत ट्रॅक्टरचं बॉनेट रंगवलं. आधी रेड ऑक्साइड लावला, दुसऱ्या दिवशी स्प्रेच्या डब्याने लाल मारला. निम्मा भाग पांढरट धुरकट झाला आणि निम्म्यावर सुरकुत्या आल्या. डबा खराब होता का? – आयटीतला नोकरदार, डोंबिवली

डबा चांगला होता. महिना चुकला.

स्प्रेच्या डब्यातला थिनर फार भराभर उडतो आणि उडताना पत्र्याची उष्णता घेऊन जातो. पत्रा हवेपेक्षा गार पडतो. जुलैत डोंबिवलीची हवा पाण्याने भरलेली असते, ते पाणी गार पत्र्यावर, ओल्या रंगातच बसतं. तो पांढरटपणा म्हणजे रंगात अडकलेली ओल. थंड पाण्याच्या ग्लासावर बाहेरून थेंब येतात, तेच हे.

सुरकुत्यांचं कारण वेगळं आहे. हार्डवेअरच्या दुकानातला साधा रेड ऑक्साइड तेलाच्या जातीचा, म्हणजे सिंथेटिक असतो. हाताला कोरडा लागला तरी आतून पक्का व्हायला त्याला दिवस लागतात, ओल्या हवेत तर आणखीच. त्यावर डब्यातला जहाल थिनर पडला की खालचा थर फुगतो आणि वर येतो. तेव्हा एकाच जातीचे थर लावा. सिंथेटिक प्राइमरवर सिंथेटिक इनॅमल चालतं. डब्याचाच रंग हवा असेल तर प्राइमरही त्याच जातीचा घ्या.

आता सगळं उतरवावं लागेल, वाईट वाटतंय पण इलाज नाही. उतरवल्यावर पत्रा साध्या पाण्याने भरपूर धुवा. आपल्या किनाऱ्याच्या हवेत मीठ असतं, ते गंजाच्या खड्ड्यांत बसून राहतं. डोळ्यांना पत्रा लखलखीत दिसतो, पण खाली मीठ राहिलं तर रंगाखाली ओल ओढतं आणि वर्षभरात फोड येतात. धुतला की लगेच फडक्याने आणि गरम हवेने कोरडा करा, नाहीतर डोळ्यांदेखत पिवळा गंज धरतो. मग प्राइमर. आणि नुसत्या रेड ऑक्साइडवर पावसाळा काढू नका, तो पाणी झिरपू देतो. रंग दिवाळीनंतरच मारायचा असेल तर तोवर पत्र्याला तेलाचा हात द्या आणि ते तेल नंतर थिनरने नीट पुसा, नाहीतर एपॉक्सी प्राइमर मारून ठेवा.

आमच्या वडिलांचा नियम होता की हवेतली आर्द्रता पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर असली तर रंगाची बंदूक भरायचीच नाही. ती मोजायचं छोटं यंत्र आता स्वस्तात मिळतं, भिंतीला लावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपल्याकडचे रंगाचे महिने, सकाळी दहानंतर, दव सुकल्यावर. जून ते सप्टेंबर इंजिन, गिअर, वायरिंग यांना द्या.

माझे मिस्टर हॉलमध्येच जुन्या ट्रॅक्टरचे भाग पॉलिश पेपरने घासतात. घरभर लाल-पिवळी धूळ होते. बाळ दीड वर्षाचं आहे, रांगतं. मला भीती वाटते. – दादर

तुमची भीती शंभर टक्के बरोबर आहे. हे उत्तर मिस्टरांना आजच वाचायला द्या. काम आजच थांबवा.

साठ-सत्तरच्या दशकातल्या पिवळ्या, लाल, केशरी रंगांत शिसं सर्रास असायचं. तेव्हाच्या प्राइमरमध्येही असायचं. रेड ऑक्साइड हा लोखंडाचा, पण त्याच्यासारखाच दिसणारा रेड लेड म्हणजे शिशाचा, आपण ज्याला शेंदूर म्हणतो तो. दोन्ही तांबूस, जुन्या पत्र्यावर नुसत्या नजरेवर विसंबू नका. शिशाची धूळ फरशीवर बसते, बाळाच्या हाताला लागते, हात तोंडात जातो. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिसं परिणाम करतं आणि तो परिणाम भरून येत नाही. बाळाला डॉक्टरांकडे न्या आणि रक्तातलं शिसं तपासायला सांगा. काही निघो न निघो, तपासा.

घर झाडू नका. झाडूने धूळ उडते. ओल्या फडक्याने पुसा, फडकं टाकून द्या, पुन्हा पुसा. कामाचे कपडे बाळाच्या कपड्यांबरोबर धुऊ नका. यापुढचं काम घराबाहेर, पाणी मारत वॉटर पेपरने, नाहीतर रंग उतरवायच्या केमिकलने करायचं, आणि तोंडावर धुळीचा चांगला मास्क हवाच. ब्लो लॅम्पने जुना रंग जाळून काढायची गॅरेजांत सवय आहे. ती सर्वांत वाईट, शिशाचा धूर थेट छातीत जातो.

आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं नव्वद पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद भागांच्या, आत ठेवण्याचा नियम २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तो घरगुती रंगांचा आहे. यंत्रांसाठीचा रंग घेताना डब्यावर ‘शिसं नाही’ असं लिहिलेलं बघूनच घ्या. आणि टू-के पीयू हा हार्डनर मिसळून मारायचा चकचकीत रंग घरात कधीच मारू नका. त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटमुळे दमा लागू शकतो. साधा कापडी मास्क तिथे काही कामाचा नाही. ते काम बाहेरून हवा पुरवणारा मास्क असलेल्या पेंट बूथवाल्याला द्या.

ट्रॅक्टर रंगवून झाल्यावर सोसायटीतून चौपाटीपर्यंत चालवत नेता येईल का? आणि पुढे कुठला टायर बसेल? – बारावीचा विद्यार्थी, गिरगाव

नाही. नोंदणी नसलेलं वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. टेम्पोत घालून न्या. टायरचं विचारलंस म्हणून सांगते, पुढची रिम आठ इंची असेल आणि रुंदी जुळत असेल तर रिक्षाचा ४.००-८ टायर बसतो का ते बघ. लालबागच्या टायरवाल्याने मला तोच बसवून दिला.

माझ्या ट्रॅक्टरचा मूळ रंग साठ टक्के तरी शिल्लक आहे, पण फिका आणि ओरखडलेला. मुलगा म्हणतो, बाबा, नव्यासारखा करू. मला तो आहे तसा आवडतो. कोणाचं खरं? – निवृत्त, चेंबूर

तुमचं.

माझा कब कॅडेट आला तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी ग्राइंडरला वायर ब्रश लावून बसले. बावीस वर्षं टॅक्सी रंगवलेली बाई, पिवळा रंग मला कोण शिकवणार, असं वाटलं. चार दिवसांत पत्रा उघडा केला आणि टॅक्सीचा पिवळा मारला. सुंदर मारला, कुठे ओघळ नाही. दोन महिन्यांनी सीटचा ब्रॅकेट बदलायला काढला. त्याच्याखाली, जिथे ऊन-पाऊस कधी पोचलाच नव्हता, तळहाताएवढा कारखान्याचा पिवळा तसाच होता. माझ्या पिवळ्याहून गडद, जरा अंड्याच्या बलकाकडे झुकणारा. त्यावर असेंब्ली करणाऱ्या कोणा माणसाने खडूने मारलेली एक खूण होती. तशा खुणा बाकीच्या पत्र्यावरही असतील. त्या मी ब्रशने उडवून टाकल्या होत्या. त्या रात्री मला झोप लागली नाही.

रंगावरून यंत्राचा इतिहास कळतो. जॉन डिअरचे ट्रॅक्टर हिरवे-पिवळे, हे सगळ्यांना माहीत. पण १९६९ साली त्यांनी बागेच्या ट्रॅक्टरांची पॅटिओ मालिका काढली, तिचं अंग पांढरं आणि बॉनेट व सीट लाल, केशरी, निळ्या किंवा पिवळ्या रंगात. असा एखादा कोणाच्या हाती लागला आणि त्याने ‘जॉन डिअर म्हणजे हिरवा’ म्हणून सरसकट हिरवा मारला, तर काय गेलं ते त्याला कधी कळणारही नाही.

म्हणून तुम्ही असं करा. आधी सीट, फेंडर, बिल्ले काढून त्यांच्या मागचा रंग बघा आणि दिवसाच्या उजेडात फोटो काढा. तिथला तुकडा दाखवून रंगाच्या दुकानात शेड जुळवून घ्या आणि त्याचं सूत्र वहीत लिहून ठेवा. जिथे पत्रा उघडा पडून गंजलाय तिथेच गंज काढा, प्राइमर द्या, जुळवलेला रंग द्या. बाकी सगळं साबणाच्या कोमट पाण्याने मऊ स्पंजने धुवा, कोरडं करा आणि मेणाचा हात द्या. फिका पिवळा मेणाने किती खुलतो ते मुलाला बघू दे. त्यालाच स्पंज द्या.

माझ्याकडे तो तळहाताएवढा तुकडा अजून तसाच आहे. भोवती टेप लावून मी बाकीचा ट्रॅक्टर त्या पिवळ्यात दुसऱ्यांदा रंगवला. कोणी बघायला आलं की आधी सीट उचलते.

धुवून झाला की फोटो पाठवा. तोवर पॉलिश पेपर विकत आणू नका.