पाखाडीवर दिवे कुठले?

प्रश्न : आमचं घर राजापूर तालुक्यात. बेड्यापासून (फाटकापासून) खळ्यापर्यंत (अंगणापर्यंत) शंभरेक फूट पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, दोन्ही बाजूंना आंब्याची कलमं. घरी आई-बाबा दोघंच. मी मुंबईहून सोलरचे दिवे आणावेत म्हणतो. वायर नको, बिल नको. बाबा म्हणतात, ‘पावसात ते पेटायचे नाहीत, मीटरवरून लाइन ओढ.’ कोणाचं ऐकू?

उत्तर : बाबांचं निम्मं खरं आहे. पण आधी बिलाची धास्ती सोडा. 5 वॉटचा एलईडी रोज 12 तास जळला तरी महिन्याला 2 युनिटसुद्धा होत नाहीत. युनिटला 10 रुपये धरले तरी दिव्यामागे 20 रुपयांच्या आत. पैसे जातात ते केबल पुरायला जांभ्यात चर मारायला. गड्याला मजुरी विचारा, म्हणजे कळेल.

सोलरच्या खोक्यावरचे आकडे वाचूच नका, पॅनेल मोजा. ‘200 वॉट’ छापलेल्या दिव्याचं पॅनेल पुष्कळदा 10 बाय 15 सेंटिमीटरचं असतं. त्यातून भर दुपारीही 3 वॉटच्या आसपासच वीज निघते. दिवसाला 5 तास कडक ऊन धरलं, तर रात्रीच्या 12 तासांना सरासरी सव्वा वॉट वाट्याला येतं. हा हिशेब एप्रिलचा, उघड्या आभाळाखालचा. कलमांच्या सावलीत त्यातलं फार थोडं उरतं, आणि जुलैत आठवडाभर सूर्य दिसला नाही की बॅटरी भरतच नाही. नेमकी तेव्हाच पाखाडी शेवाळून निसरडी झालेली असते आणि फुरशी बाहेर पडलेली असतात.

मात्र लाइनचाही भरवसा किती? वाऱ्याने फांदी तारेवर आली की वाडी अंधारात. म्हणून पायऱ्यांवरचे आणि खळ्यातले दिवे विजेवर घ्या, पण घरातल्या इन्व्हर्टरच्या लाइनवर. 5-5 वॉटचे चार दिवे त्याला जड नाहीत. चर तेवढ्या टप्प्यापुरताच मारावा लागेल. बेड्याजवळ सोलर लावा, पण पॅनेल आणि दिवा वेगळे असलेला. पॅनेल गडग्यावर (दगडी कुंपणावर), जिथे सावली पडत नाही तिथे, दक्षिणेकडे तोंड करून थोडं कलतं बसवा. कलतं असलं की पावसाने धुऊनही निघतं. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची आणि बदलता येणारी हवी. माणूस आला की उजळणारा सेन्सर असेल तर तेवढ्याच चार्जिंगवर रात्र निघते.

वायरिंगला काटकसर नको. जमिनीखाली आर्मर्ड (धातूचं कवच असलेली) केबल, तीन कोरची, अर्थिंगसकट. बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच. दिवे आयपी 65चे, म्हणजे धूळ-पाणी आत न घेणारे, आणि केबल खालून आत घ्या, वरून नाही. वरून घेतली की पाणी तिच्याबरोबर आत उतरतं. केबल जिथे आत शिरते तिथे ग्लँड (केबलभोवती घट्ट बसणारं बूच) बसवायला सांगा, नाहीतर मुंग्या आणि पाली आत संसार थाटतात. काळी टेप गुंडाळून फांदीला टांगलेले जोड मला दर पावसाळ्यात दिसतात, आणि दर वेळी डोकं फिरतं. तसलं काही वायरमनला करू देऊ नका.

बल्ब पिवळट घ्या, 3000 केल्विनच्या आतले. झगझगीत पांढऱ्या उजेडावर किडे जास्त जमतात, किड्यांमागे बेडूक येतात, आणि बेडकांमागे कोण येतं ते बाबांना विचारा.