व्हेंटिलेटरचा दाब आणि पेशींची संरक्षक प्रथिने

प्रश्न : न्यूमोनिया बळावल्यामुळे माझ्या सासूबाईंना बेळगावच्या एका रुग्णालयात व्हेंटिलेटरवर ठेवले होते, आता त्या घरी आल्या आहेत. त्यांचे वजन ७८ किलो आहे, तरीही नर्सबाईंनी टेपने टाचेपासून डोक्यापर्यंत त्यांची उंची मोजली (१६० सेंटिमीटर) आणि डॉक्टरांनी हवेचे प्रमाण त्यावरूनच ठरवले. ऑक्सिजन नव्वदच्या आसपास असतानाही प्रेशर वाढवले नाही. संरक्षक प्रथिने वाढावीत म्हणून निपाणीच्या आमच्या नातेवाइकांनी ग्लुटामिनची (प्रथिनांचा घटक असलेल्या एका अमिनो आम्लाची) पावडर नळीतून देण्याचा आग्रह धरला, तोही डॉक्टरांनी मानला नाही. हे योग्य झाले का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : होय, डॉक्टरांचे दोन्ही निर्णय योग्य होते.

माणूस जाड झाला म्हणून त्याचे फुप्फुस वाढत नाही; त्याचा आकार उंचीवर आणि स्त्री-पुरुष भेदावर ठरतो. १६० सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीसाठी सूत्राने साधारण ५२ किलो वजन धरले जाते आणि किलोमागे ६ मिलिलिटर या हिशेबाने एका श्वासाला सुमारे ३१५ मिलिलिटर हवा दिली जाते. ७८ किलो धरले असते, तर दर श्वासाला दीडपट हवा आत गेली असती. फुप्फुसाला तीव्र सूज आली की त्याचा बराच भाग पाण्याने भरतो आणि मोठ्या माणसाच्या छातीत लहान मुलाएवढेच फुप्फुस कामाचे उरते. जास्तीची हवा नेमकी त्या चांगल्या भागात शिरून त्याला ताणते, आणि ताणलेल्या पेशींतून सुटणारी दाहक द्रव्ये रक्तावाटे मूत्रपिंडासारख्या दूरच्या अवयवांपर्यंत पोहोचतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ८६१ रुग्णांच्या चाचणीत किलोमागे १२ मिलिलिटर हवा मिळालेल्यांपैकी जवळपास ४० टक्के रुग्ण दगावले, तर ६ मिलिलिटरच्या गटात ३१ टक्के. श्वास क्षणभर रोखून मोजलेला दाब ३० सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाच्या दाबाइतक्या मर्यादेत ठेवायचा आणि त्यासाठी रक्तातला ऑक्सिजन ८८ ते ९५ टक्के असला तरी चालवून घ्यायचा, ही पद्धत तेव्हापासून रूढ झाली. नातेवाइकांना तो आकडा पाहून धास्ती वाटते हे मी जाणतो, परंतु तो ९९ वर नेण्याच्या हट्टापायी फुप्फुस गमावणे परवडणारे नाही.

आता प्रथिनांविषयी. १९६२ साली फेरुचो रितोसा या इटालियन शास्त्रज्ञाला फळमाशीच्या पेशी उष्णतेने विशिष्ट जनुके जागी करताना दिसल्या. पुढे त्या जनुकांपासून बनणारी प्रथिने सापडली. ताणाच्या वेळी इतर प्रथिनांची घडी विस्कटू न देणे हे त्यांचे काम. त्यांपैकी ‘एचएसपी ७०’ उंदरांच्या फुप्फुसात वाढवल्यावर इजा कमी झाली आणि ग्लुटामिनने ते वाढते, हेही प्रयोगांत दिसले. नातेवाइकांचे म्हणणे म्हणूनच निराधार नव्हते. परंतु २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक अवयव निकामी होऊ लागलेल्या १,२०० हून अधिक रुग्णांवरील चाचणीत ग्लुटामिन दिलेल्यांचे रुग्णालयातील मृत्यू कमी न होता वाढले. उंदरांतला फायदा माणसांत उलटला, हे कळल्यावर अतिदक्षता विभागात ती पावडर देणे मला तरी समर्थनीय वाटत नाही.

आता घरी आमटी, दूध, अंडी यांतून रोजची प्रथिने द्यावीत, आणि कोणतीही पावडर सुरू करण्याआधी मूत्रपिंड व यकृताचे ताजे अहवाल डॉक्टरांना दाखवावेत.