वाचकांचे प्रश्न : रद्द झालेल्या पोचेचे पुढे काय होते?

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. ५जीमध्ये मोबाइलकडून बेस स्टेशनला जाणाऱ्या हार्क पोचेचे दोन अग्रक्रम असतात, आणि दोन पोचपावत्यांची वेळ एकच आली तर कमी अग्रक्रमाची पोच रद्द होते, असे वाचनात आले. मग जी माहिती फोनला नीट मिळाली होती तिचे काय होते? आमच्या सिम्युलेशन प्रकल्पात अशी पोच सरळ सोडून दिली तर चालेल का? – एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : फोनला मिळालेली माहिती कुठेही जात नाही, ती वरच्या थराकडे सोपवून तो मोकळा झालेला असतो. बेस स्टेशनला मात्र ती पोहोचल्याची खात्री मिळत नाही, आणि त्याची किंमत तीच माहिती पुन्हा पाठवून मोजावी लागते.

आधी हार्कविषयी थोडेसे. माहितीच्या प्रत्येक ठोकळ्याबरोबर चुका दुरुस्त करण्यासाठी जादा बिट जातात. एवढे करूनही ठोकळा उलगडला नाही, तर फोन तो टाकून देत नाही. तो सांभाळून ठेवतो आणि पुढच्या खेपेला आलेल्या बिटांशी जुळवून पुन्हा प्रयत्न करतो. ठोकळा उलगडला की नाही हे सांगणारा होकाराचा किंवा नकाराचा बिट म्हणजे पोच. ४जीच्या एफडीडी (जाण्यायेण्यासाठी वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी वापरणाऱ्या) पद्धतीत ही पोच ठरल्याप्रमाणे ४ मिलिसेकंदांनी जात असे. ५जीमध्ये ती किती वेळाने द्यायची हे बेस स्टेशन दर वेळी डीसीआय या नियंत्रण संदेशातून कळवते. टक्कर होते ती या मोकळिकीमुळेच, कारण आधी आलेल्या साध्या ठोकळ्याची पोच आणि मागून आलेल्या तातडीच्या ठोकळ्याची पोच एकाच क्षणी दाराशी येऊन उभ्या राहू शकतात.

५जी मानकाच्या पहिल्या आवृत्तीत, म्हणजे रिलीज १५ मध्ये, एका स्लॉटमधल्या (वेळेच्या एका ठरावीक तुकड्यातल्या) सगळ्या पोचपावत्या एकाच गठ्ठ्यात बांधल्या जात. २०२० मध्ये पूर्ण झालेल्या रिलीज १६ ने दोन वेगळे गठ्ठे केले, साध्या कामासाठी अग्रक्रम ० आणि तातडीच्या कामासाठी अग्रक्रम १. कोणता ठोकळा कोणत्या गठ्ठ्यातला, हे डीसीआयमधला एक बिट सांगतो. शिवाय तातडीच्या पोचेला स्लॉट संपण्याची वाट पाहावी लागू नये म्हणून ७ किंवा २ सिम्बॉलचे (सिम्बॉल म्हणजे स्लॉटचा छोटा भाग) उपस्लॉट आले.

आता एक टक्कर जवळून पाहू. कारखान्यातल्या एका यंत्रहाताचा मोडेम मोठी सॉफ्टवेअर फाइल उतरवून घेत आहे आणि त्याच वेळी त्याला हालचालीच्या आज्ञाही येत आहेत. ३० किलोहर्ट्झ अंतराच्या उपवाहकांवर स्लॉट अर्ध्या मिलिसेकंदाचा असतो आणि त्यात ० ते १३ असे १४ सिम्बॉल असतात. फाइलच्या २४ ठोकळ्यांची पोच सिम्बॉल ४ ते १३ वर जायची आहे, तर एका आज्ञेची एक बिटाची पोच सिम्बॉल ८ आणि ९ वर. रिलीज १६ च्या नियमाप्रमाणे साधी पोच फार तर सिम्बॉल ७ पर्यंत चालते, आठव्यापाशी थांबते आणि पुन्हा सुरू होत नाही. अर्धवट गेलेल्या पोचेचा अर्थ लावणे बहुधा शक्यच नसते. एका बिटासाठी २४ बिट गेले. सुक्याबरोबर ओलेही जळते, ते असे.

या टकरीची खरी किंमत पुढे दिसते. साध्या माहितीचा वेग सहसा असा ठरवतात, की पहिल्याच खेपेत सुमारे १० टक्के ठोकळे फसावेत. म्हणजे त्या २४ पैकी २२ च्या आसपास ठोकळे बहुधा नीट पोहोचलेले असतात. दोन्ही वेळा बेस स्टेशननेच नेमून दिलेल्या असल्याने पोच येणार नाही हे त्याला आधीच ठाऊक असते. फसलेले दोन कोणते, एवढे मात्र कळत नाही. सगळे पुन्हा पाठवले तर बहुतेक पाठवणी फुकट जाते.

तरीही हा नियम अविचारी आहे असे मला वाटत नाही. तातडीच्या सेवेचे मूळ उद्दिष्टच ३२ बाइट १ मिलिसेकंदात ९९.९९९ टक्के खात्रीने पोहोचवण्याचे आहे, आणि त्या एका बिटाच्या मानगुटीवर आणखी २४ बिट बसवले तर त्याची खात्री उणावते.

रिलीज १७ ने २०२२ मध्ये यावर दोन उपाय दिले. पहिला एकत्र पाठवण्याचा : दोन्ही गठ्ठ्यांचे संकेतन वेगवेगळे होते, तातडीच्या बिटांना त्यांचे पुरेपूर संरक्षण आधी मिळते आणि उरलेल्या जागेत साधे बिट बसतात. ही सोय ऐच्छिक आहे. फोनची तशी क्षमता असावी लागते आणि नेटवर्कनेही ती सुरू करावी लागते. दुसरा उपाय मला अधिक आवडतो, तो म्हणजे रद्द झालेली पोच मागाहून मागवणे. बेस स्टेशन डीसीआयमधून ‘तो राहिलेला गठ्ठा आता पाठव’ असे सांगू शकते. ठोकळे पुन्हा पाठवण्यापेक्षा २४ बिट मागवणे कितीतरी स्वस्त.

तुमच्या प्रकल्पात रिलीज १६ चेच वर्तन दाखवायचे असेल, तर पोच सोडून देणे चूक नाही, पण तिथेच थांबू नका. पोच न मिळाल्याने झालेली पुनर्पाठवणी थ्रूपुटच्या (प्रत्यक्ष पोहोचलेल्या माहितीच्या वेगाच्या) हिशेबात धरा, नाहीतर आकडे उगाच गोंडस दिसतील. दुसरे, टकरी सोडवण्याचा क्रम पाळा : आधी एकाच अग्रक्रमातल्या टकरी मिटवून त्यांचे गठ्ठे बांधायचे आणि मगच दोन अग्रक्रमांची गाठ घालायची. क्रम उलटा झाला तर भलतीच पोच रद्द होऊ शकते. शिवाय फोनला तातडीचा डीसीआयच ऐकू आला नाही, तर त्याच्या दृष्टीने टक्कर झालेलीच नसते आणि तो साधी पोच शेवटच्या सिम्बॉलपर्यंत पाठवतो. त्यामुळे तुमच्या बेस स्टेशनला सिम्बॉल ८ वर दोन्ही शक्यता धरून ऐकायला लावा.